ती मोकाट नव्हती, सोडून दिलेली होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात ‘मोकाट घोड्यांचा बंदोबस्त करा’ हे वाचकाचे पत्र वाचले. रात्री गाडीच्या उजेडात अचानक घोडा उभा दिसतो आणि दुचाकीवाले पडतात, ही त्यातली तक्रार खरी आहे. माझा भाचा नागावहून येताना असाच थोडक्यात वाचला. पत्रातल्या एका शब्दाला मात्र माझी हरकत आहे, आणि तो शब्द मथळ्यातलाच आहे. मोकाट. गेल्या मृगापासून आमच्या वाडीत एक घोडी आणि तिचे शिंगरू आहे. त्यांनाही गाव मोकाटच म्हणत होता. तिच्या नाकाच्या हाडावर नायलॉनची मोहरकी, म्हणजे तोंडाला बांधायची दोरी, मांसात रुतली होती आणि पोटाखाली तंगाच्या, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याच्या, जागी कातडी सोललेली होती. मोकाट जनावराला तंग नसतो. ही घोडी कोणीतरी वापरली होती आणि मग सोडून दिली होती.

मी चौलची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे शिकवले, आता नारळ-पोफळीची वाडी सांभाळते. घरात गाय होती आणि आहे, पण घोडा आमच्या सात पिढ्यांत कोणी पाळला नसेल. पाऊस, चिखल आणि खारा वारा यांच्या या पट्ट्यात घोडा हे बाहेरून आलेले जनावर. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा विकायला घेऊन चौलच्या बंदरात उतरला. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे, शाळेची मुले घेऊन मी तिथे अनेकदा गेले आहे. इथल्या लोकांनी घोड्यांना चणे आणि खिचडी खाऊ घालण्याचे त्याने लिहून ठेवले आहे, आणि पावसाळा त्याने घाटावर, जुन्नरला काढला. मुलांना हे मी गोष्ट म्हणून सांगत असे. यंदा ते मला वेगळ्या अर्थाने आठवले.

मृग लागून तिसरा दिवस होता. सुरूच्या बनापलीकडे, खाजणाच्या कडेला, सकाळी ती दिसली. तपकिरी रंग, कपाळावर पांढरा टिळा, बरगड्या मोजता याव्यात अशी. पोटाशी दोन महिन्यांचे शिंगरू. ते सारखे आचळाला ढुशा देत होते. गाईचे वासरूही असेच करते, पण दूध उतरले की थांबते. हे थांबत नव्हते. म्हणजे आईला दूध नव्हते, एवढे मला दुरूनही कळले.

त्या दिवशी जे झाले ते सांगायला हवे, कारण पुढेही कोणी तेच करील. गावातली चार मुले चांगल्या मनाने मदतीला आली. शिंगराला पकडले तर आई मागून येईल, हा त्यांचा हिशेब. मीही ‘करा’ म्हणाले. त्यांनी दोन बाजूंनी घेरले, एकाने शिट्टी मारली, आणि घोडी शिंगराला पोटाने ढकलत थेट खाजणात शिरली. गुडघाभर चिखल, त्यात भरती चढत होती. ती तिथे दीड तास उभी होती. आम्ही बांधावर आलो तर ती आणखी आत जाई, म्हणून शेवटी सगळ्यांना परत पाठवले आणि मी सुरूच्या झाडाआड बसून राहिले. पाणी पोटाला लागल्यावर ती स्वतःच बाहेर आली. शिंगरू थरथरत होते. त्यांना काही झाले असते तर दोष माझाच होता.

मग फोन सुरू केले. एका कार्यालयातून सांगितले गेले की घोड्यासाठी आमच्याकडे तरतूद नाही. दुसरीकडून विचारले, ‘मालक कोण?’ मालक माहीत असता तर मी त्याच्याकडेच गेले असते. गाव कोंडवाड्यासाठी गाईगुरांचा विचार करतो, घोड्याचा नाही. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर मात्र एका शांत मुलीने सगळे ऐकून घेतले आणि एक उपयोगाचे वाक्य सांगितले: “तिला आधी गोडं पाणी द्या, जवळ जाऊ नका.”

समुद्राकाठी जनावराला चारा एकवेळ मिळतो, गोडे पाणी मिळत नाही. विणीच्या घोडीला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. पहिल्या दिवशी सुरूच्या बनाजवळ मोठे घमेले भरून ठेवले आणि निघून आले. संध्याकाळी ते रिकामे होते. दुसऱ्या दिवशी घमेले वीस पावले अलीकडे, बाजूला सुक्या गवताची पेंढी. तिसऱ्या दिवशी बांधावर. चौथ्या दिवशी आमच्या पाखाडीच्या तोंडाशी. पाचव्या दिवशी वाडीचे बेडे उघडे टाकून घमेले आत ठेवले. त्या रात्री पाऊस असा कोसळला की विहिरीचा रहाट दिसत नव्हता. पहाटे कंदील घेऊन गेले तर सुपारी साठवायच्या खोपीत ती उभी होती आणि शिंगरू तिच्या पुढच्या पायांपाशी आडवे झोपले होते. तिने कान मागे पाडले. मी तिथूनच मागे फिरले, बेडे बंद केले आणि पडवीत येऊन रडले.

इथे माझ्या हातून दुसरी चूक झाली. भुकेल्या जनावराला पोटभर द्यावे, असे कुणालाही वाटते. मी दोन किलो चणे उकडले, त्यात गूळ घातला आणि टोपली तिच्यापुढे ठेवून लांब झाले. तिने सगळे खाल्ले. रात्री दहाला ती पायाने जमीन खरवडू लागली, मान वळवून कुशीकडे पाहू लागली, मग आडवी पडून लोळू लागली. घोड्याला उलटी होत नाही. जे पोटात गेले ते पुढेच सरकावे लागते, आणि उपाशी आतड्याला एकदम चंदी, म्हणजे दाणा, पेलत नाही. हे मला डॉक्टरांनी रात्री एक वाजता, पावसात भिजत, आमच्या खोपीत उभे राहून सांगितले. ते मला बाई म्हणतात, कधी काळी माझ्या वर्गात होते. त्या रात्री मात्र ते माझ्यावर ओरडले, आणि ते बरोबरच होते. “बाई, उपाशी घोडं चाऱ्याने उभं राहतं, धान्याने मरतं!”

वेदनेने ती पडलेली होती म्हणूनच त्यांना तिच्याजवळ जाता आले. वेदनाशामक आणि गुंगीचे इंजेक्शन दिले, धनुर्वाताचे दिले. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि तिच्या अंगावर तर चार जखमा होत्या. गुंगी होती तेवढ्यात कात्रीने मोहरकी कापली. दोरीबरोबर कातडीचा पट्टा निघाला आणि खाली अळ्या होत्या. सासूबाई कंदील धरून उभ्या होत्या, वय ८४. त्यांनी सीताफळाच्या पाल्याचा रस सुचवला. डॉक्टर म्हणाले, ‘आजी, आज माझा स्प्रे, उद्यापासून तुम्ही लक्ष ठेवा.’ आणि त्यांनी ठेवले. त्या रात्रीपासून सासूबाई तिला ‘बाय’ म्हणू लागल्या. तेच नाव राहिले. शिंगराचे नाव पावशा, कारण ते आले तेव्हा पावशा पक्षी दिवसभर ओरडत होता.

घोड्याच्या अंगाची स्थिती सांगायला एक ते नऊ अशी श्रेणी असते. एक म्हणजे नुसता सापळा, पाच म्हणजे बरोबर. डॉक्टरांनी ‘बाय’ला दीड दिला. दातांवरून वय सात-आठ. पावशाने जन्मल्यावर चीक प्यायलेला दिसतो, असे ते म्हणाले, नाहीतर तो दोन महिने जगता ना. आईच्या पोटात शिंगराला रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती पहिल्या दिवसाच्या चिकातूनच येते. दिवस उलटला की आतड्याला ती शोषताच येत नाही. म्हणजे कुठेतरी या वाळूत, तशा हालात, या घोडीने त्याला वेळेवर उभे केले होते आणि पाजले होते. डॉक्टर निघून गेल्यावर मी हाच विचार करत बसले होते.

पुढचे दहा दिवस दाणा बंद. सुके गवत पाण्यात भिजवून, दर चार तासांनी थोडे, रात्रीसुद्धा. आमच्याकडे पेंढ्याची उडवी होती, पण भाताच्या पेंढ्यात कस नाही. घाटावरून भाजी आणणाऱ्या टेम्पोवाल्याने लसूणघासाच्या पेंढ्या आणून दिल्या आणि भाडे घेतले नाही. एके सकाळी पावशा आईची लीद खाताना दिसला. माझ्या पोटात गोळाच आला, डॉक्टरांना फोन केला. लहान शिंगरे असे करतात, गवत पचवणारे जंतू त्यांच्या पोटात त्यातून जातात, म्हणाले. ३१ वर्षे मी मुलांना विज्ञान शिकवले आणि हे मला माहीत नव्हते.

जखमा महिन्यात भरल्या. भीती भरून यायला वेळ लागला.

गुंगीच्या त्या रात्रीनंतर ‘बाय’ पुन्हा खोपीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. कोणी वाकले तरी दचके. प्लास्टिकची पिशवी वाजली की शिंगरू पाठीशी घाली. मिटलेली छत्री हातात दिसली तर भिंतीला अंग घासत कोपरा गाठी. सर्वांत वाईट म्हणजे हात वर गेला की. पदर सावरायला, केसांवरचे पाणी झटकायला, साधा डास मारायला हात वर गेला तरी तिचे डोके झटक्यात वर जाई आणि डोळ्यांत पांढरे दिसे. तिला काय झाले असेल ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी पदर कमरेला खोचायला लागले. सासूबाईंनी काठी दाराबाहेर ठेवायला सुरुवात केली, आणि त्या वयात त्या भिंतीला धरून आत येत.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. दिसत नाही ते अगदी नाकासमोरचे आणि अगदी पाठीमागचे. आपण मात्र प्रेमाने समोरून हात पुढे करतो किंवा मागून येऊन पाठीवर थोपटतो. म्हणून खांद्याच्या बाजूने, तिरके, तिच्याकडे न पाहता जायचे. आवाज आधी पोचवायचा. यासाठी मी एक केले. रोज सकाळी सातला खोपीबाहेर पाट टाकून आपले दैनिक मोठ्याने वाचू लागले. पहिले पान, मग जिल्ह्याचे पान, मग वाचकांची पत्रे. सुरुवातीला ती पाठ फिरवून उभी राहायची. साधारण आठव्या दिवशी एक कान माझ्याकडे वळला. पावशा त्याआधीच पाटापर्यंत येऊन कागदाचा कोपरा चावून गेला होता आणि दर वेळी ती मध्ये येऊन उभी राहात होती.

एकोणिसाव्या दिवसाची नोंद माझ्या वहीत आहे. घोडी उभ्याने डुलकी घेते, पण गाढ झोपेसाठी तिला आडवे व्हावे लागते, आणि आजूबाजूला धोका वाटला तर ती आडवी होत नाही. आमच्याकडे आल्यापासून, ती पोटदुखीची रात्र सोडली तर, तिने जमिनीला अंग टेकले नव्हते. त्या दिवशी दुपारी पाऊस उघडला होता. मी सुपाऱ्या निवडत बसले होते. मान वर केली तर तुसाच्या बिछान्यावर ती कुशीवर पडली होती, चारही पाय ताणलेले, ओठ सैल. क्षणभर मेली असे वाटले. मग कान हलला. मी सुपाऱ्यांचे सूपही खाली ठेवले नाही, आवाज होईल म्हणून.

चोविसाव्या दिवशी तिने माझ्या खांद्याचा वास घेतला. मी हात लावला नाही. हात लावला तो त्यानंतर सहा दिवसांनी, मानेला, उलट्या पंजाने.

कोकणच्या पावसात घोड्याचे खूर हा आणखी एक प्रश्न. ओलीत खूर मऊ पडतात, तळव्यात सड धरते, घाण वास येतो. आम्ही खोपीची जमीन जांभ्याने उचलून घेतली, वर भाताचे तूस टाकले, मोरचुदाच्या पाण्याने खूर धुवायचे ठरवले. पण खूर उचलू कोण देणार? खूर तर वाढून फाटले होते, सहा-आठ आठवड्यांनी ते तासायला हवेत. नालबंद शोधायला मला अलिबागला जावे लागले. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात जाणाऱ्या घोडागाड्या तिथे आहेत म्हणून एक जुने नालबंद चाचा अजून काम करतात. ते आले, आणि पहिल्या दिवशी अवजारांची पिशवीही उघडली नाही. दोन तास नुसते बसले. जाताना म्हणाले, “बाई, अजून कान देत नाही. कान दिला की पाय देईल.” तिसऱ्या खेपेला तिने पाय दिला. त्यांनी पहिल्या खेपेचे आणि दुसऱ्या खेपेचे पैसे घेतले नाहीत. त्यांच्या मुलांपैकी कोणी हे काम शिकलेले नाही. देशातले घोडे आणि तट्टे २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाख होते, ते २०१९ मध्ये सुमारे ३ लाख ४० हजारांवर आले. घोडे कमी झाले तसे घोडे समजणारे हातही कमी झाले, आणि किनाऱ्यावर फेऱ्या मारणारे घोडे आहेत त्यांच्या नशिबी न समजणारे हात येतात.

आता मालकाबद्दल. तो दसऱ्याच्या आधी आला. घोडी आमच्याकडे आहे आणि आता अंगाने भरली आहे, हे कुणीतरी त्याला सांगितले असणार. २३-२४ वर्षांचा मुलगा, घाटावरचा. बेड्याबाहेरून म्हणाला, “मावशी, घोडी माझी आहे. दिवाळीचा हंगाम आलाय.” त्याचा आवाज ऐकताच खोपीत खुरांचा आवाज झाला. मी वळून पाहिले तर ‘बाय’ कोपऱ्यात होती आणि पावशा तिच्या मागे. जूनमध्ये उभी राहायची तशीच. चार महिन्यांत ती तशी उभी राहिली नव्हती.

मला राग होता, तो मी गिळला नाही, त्याला सगळे ऐकवले. पण त्याला पडवीत बसवून पाणीही दिले, आणि त्याचेही ऐकून घेतले. सारंगखेड्याच्या बाजारातून व्याजाच्या पैशाने घोडी घेतलेली. दिवसाला किनाऱ्यावर जागेचे पैसे, खोगीर भाड्याचे. गाभण आहे हे त्याला दिवाळीनंतर कळले. घोडी ११ महिने गाभण असते. म्हणजे दिवाळीच्या गर्दीत ती पाच महिन्यांची होती, नाताळात सातच्या पुढे, आणि त्याने तिला होळीपर्यंत पळवले. एप्रिलमध्ये व्याली. शिंगरू घेऊन ती पाठीवर गिऱ्हाईक घेईना, मारले तरी घेईना. मेअखेर पर्यटक गेले, गावाला परत न्यायला टेम्पोचे भाडे नव्हते. “गवत आहे तिकडे, जगेल, असं वाटलं,” म्हणाला आणि खाली बघत राहिला. तो दुष्ट नाही. पण त्याच्या हाताने जे झाले ते मी पाहिले आहे, आणि घोडी त्याला परत देणार नाही हे मी तेव्हाच सांगितले.

अडचण अशी की त्याच्याकडे घोडी त्याची असल्याचा कागद नव्हता आणि माझ्याकडे ती माझी असल्याचा. आमच्या गाईच्या कानात १२ आकडी पिवळा बिल्ला आहे. ती उद्या हरवली तर क्रमांकावरून आमचे घर सापडेल. माणसांना पाठीवर घेऊन पैसे मिळवून देणाऱ्या घोडीची मात्र कुठेच नोंद नाही. शेवटी सरपंचांसमोर बसून, त्याचे व्याजाचे काही पैसे मी भरले आणि त्याने पाचशेच्या मुद्रांकावर घोडी आणि शिंगरू लिहून दिले. तो कागद आमच्या घराच्या कागदपत्रांत ठेवला आहे.

पोलिसांत का गेले नाही, असे मला अनेकांनी विचारले. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. कलम ११ मध्ये जखमी जनावराला कामाला लावणे आणि जनावर उपासमार होईल असे सोडून देणे, हे दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्यांदा केलेल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५० रुपये. किनाऱ्यावर घोड्यावरून एक फेरी मारायला याहून जास्त पडतात. १९६५ चे नियमही आहेत. ओझ्याच्या तट्टावर ७० किलोपेक्षा जास्त लादू नये, दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, विश्रांती न देता सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, पारा ३७ च्या वर गेला तर दुपारी १२ ते ३ काम नको. मे महिन्याच्या सुट्टीत कोणत्याही किनाऱ्यावर दुपारी उभे राहून पाहावे.

मी बंदी मागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांच्या फेऱ्या बेकायदा ठरवल्या, तो निकाल मला पटतो. पण आमच्या किनाऱ्यावर उद्या एका आदेशाने घोडे बंद केले आणि त्यांना ठेवायला जागा नसली, तर त्या आठवड्यात किती ‘बाय’ सुरूच्या बनात दिसतील? मी मागते ते ग्रामपंचायतीच्या हातातले आहे. किनाऱ्यावर घोडा आणणाऱ्याकडून पंचायत किंवा कोणीतरी जागेचे पैसे घेतेच. ते घेताना घोड्याची नोंद करावी, मायक्रोचिप बसवावी, ग्लँडर्सची तपासणी झाल्याचा कागद पाहावा. हा रोग माणसालाही होतो आणि त्याची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रामार्फत होते. ‘बाय’चा नमुना पाठवला होता, निकाल येईपर्यंत तिला आम्ही गाईपासून लांब ठेवले. माथेरानमध्ये घोड्याला परवाना आणि क्रमांक असतो, मग त्याच रायगड जिल्ह्यात समुद्रावरच्या घोड्याला का नसावा? आणि परवाना देताना एक प्रश्न लेखी विचारावा: हा घोडा पावसाळ्यात कुठे असेल? ज्याच्याकडे उत्तर नाही त्याच्याकडून हंगामाच्या सुरुवातीलाच काही रक्कम अनामत घ्यावी. ती घोडा परत नेताना मिळेल. त्या मुलाकडे टेम्पोचे भाडे असते तर तो घोडी घेऊन गेला असता, असे मला आजही वाटते. निकितीन परदेशी माणूस, पण पावसाळ्यात त्याचा घोडा किनाऱ्यावर नव्हता, घाटावर जुन्नरला होता.

आणि सोडून दिलेले जनावर सापडलेच, तर ते आणून ठेवायला तालुक्यात एक छप्पर हवे, उंचावर, जांभ्याची जमीन असलेले, गोड्या पाण्याजवळ. तिथे घेरून पकडू नका आणि दाणा देऊ नका, एवढे दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहून लावावेत.

‘बाय’ आता अंगाच्या त्या श्रेणीत चारच्या पुढे आहे, डॉक्टर म्हणतात संक्रांतीपर्यंत पाच होईल. तिच्या पाठीवर कोणी बसणार नाही. पावशाला सप्टेंबरअखेर दूध सुटले, वर्षाचा झाला की त्याला खच्ची करावे लागेल. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतल्या ४० पोफळी आणि ११ माड एका दुपारी आडवे झाले होते. तो पट्टा पुन्हा लावायला आमचे मन होत नव्हते, तिथे नुसते गवत वाढत होते. आता ती दोघे तिथे चरतात. संध्याकाळी पावशा कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरधाव पळतो आणि वळताना घसरतो. परवा शेजारच्या मुलाने पतंग उडवताना हात एकदम वर केला. ‘बाय’ने मान उचलली, त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा गवतात तोंड घातले.

दरवर्षी कार्तिकात आम्ही वरकस जमिनीतले गवत कापून एक उडवी रचतो. यंदा दोन रचल्या आहेत. एक या दोघांची आणि गाईची. दुसरी जूनसाठी ठेवली आहे. किनाऱ्यावर कुणाला कोणी दिसले, तर चौलला शाळेतल्या बाईंचे घर कोणीही दाखवील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
चौल, ता. अलिबाग, जि. रायगड